खवल्या गोगलगायीच्या गावाला

दिवस १, पोर्ट लुई

जहाज सुटायला सहा तास उरले होते आणि माझी मोठी बॅग मुंबईलाच राहिली होती. त्या बॅगेत गमबूट, हातोडी, जाड जर्किन आणि आईने बांधून दिलेल्या चकल्या. दिवाळी संपून जेमतेम आठवडा झालेला. पाठीवरच्या सॅकमध्ये चिवड्याची पिशवी, हँड लेन्स आणि पेनासारखं दिसणारं लोहचुंबक होतं, एवढ्यावर दोन आठवडे काढायचे होते.

विमानतळावरून बंदराकडे नेणारे टॅक्सीवाले काका मराठी निघाले. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी कोकणातून आलेल्यांचे हे पणतू-खापरपणतू. पण आरशातून माझ्याकडे बघत कोणी "तुम्ही महाराष्ट्राचं?" असं विचारेल असं वाटलं नव्हतं. त्यांची मराठी आरत्या-भजनांतून टिकलेली, मध्येच क्रिओल शब्द घेणारी. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते हे त्यांनी दोनदा सांगितलं. बंदराजवळ आप्रवासी घाट दाखवला. त्यांचे पूर्वज त्याच पायऱ्या चढून या बेटावर आले. मी कशाला आले आहे असं विचारल्यावर म्हटलं, समुद्राच्या तळाशी गरम पाण्याची तोंडं आहेत, ती बघायला. त्यांनी मान हलवली. पटल्याची होती की कीव आल्याची, कळलं नाही.

दिवस २ ते ४

उलट्या. याहून जास्त लिहिण्यासारखं फारसं नाही. आग्नेयेचे वारे समोरून आणि जहाज सतत नाक खुपसल्यासारखं. मेसमध्ये भात आणि लोणचं एवढंच पोटात राहत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी डेकवर जाऊन बसले तेव्हा बोसनचाचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, भेटले. दाभोळचे. वडील तांडेल, आजोबा तांडेल, आणि हे छत्तीस वर्षं परदेशी जहाजांवर. गमबूट नाहीत म्हटल्यावर स्टोअरमधून एक जोड आणून दिला, माझ्या पायाला दोन नंबर मोठा. "आत दोन मोजे घाल गो बाय," म्हणाले. आम्ही नक्की काय शोधतोय ते त्यांना हवं होतं. मी प्लेट टेक्टॉनिक्सपासून सुरुवात केली. मिनिटभर ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "म्हणजे उन्हवऱ्याचं कुंड. आमच्या दापोलीत आहे तसं. गंधकाचा वास येतो तेच ना?"

तेच. मी पाच वर्षं ज्याला 'हायड्रोथर्मल व्हेंट' म्हणत आले त्याला कोकणात उन्हाळं म्हणतात आणि ते लहानपणी पाहिलेलं असतं, हे मला सुचलं नव्हतं. मी कुडाळची असून.

दिवस ५

पोचलो. २५ अंश १९ मिनिटं दक्षिण, ७० अंश २ मिनिटं पूर्व. मुंबईहून खाली सरळ रेघ मारली आणि किंचित पश्चिमेला सरकवली, तर जवळजवळ पाच हजार किलोमीटरवर. वर बघायला काहीही नाही. खाली मात्र त्रिवेणी संगम आहे: आफ्रिका, अंटार्क्टिका आणि आपल्या बाजूची इंडो-ऑस्ट्रेलियन, अशा पृथ्वीच्या कवचाच्या तीन तुकड्यांच्या, म्हणजे प्लेट्सच्या, कडा इथून जवळच एकत्र येतात. त्या एकमेकींपासून दूर सरकतात, मधल्या फटीत खालून तापलेला खडक वर येतो, आणि त्यातूनच हे सगळं नाटक घडतं.

या जागेचं नाव कैरेई. ऑगस्ट २००० मध्ये जपानी संशोधकांनी 'कायको' हे यंत्र खाली सोडून ती शोधली. नाव त्यांच्या जहाजाचं. गॅलापागोसजवळ पहिला व्हेंट १९७७ मध्ये सापडला होता. हिंदी महासागरातलं जिवंत प्राण्यांनी गजबजलेलं पहिलं उन्हाळं माणसाने पाहायला त्यानंतर तेवीस वर्षं गेली.

दिवसभर सीटीडी. म्हणजे पाण्याचा खारटपणा, तापमान, खोली मोजणारा नळकांड्यांचा एक मोठा गोल पिंजरा केबलवर खाली-वर, खाली-वर करत जहाज हळूहळू पुढे न्यायचं. स्क्रीनवर रेषा. तळापासून दोनेकशे मीटर वर आल्यावर गढूळपणाची रेषा एकदम उजवीकडे पळाली. खालून उठलेला 'धूर' त्या उंचीवर ढगासारखा पसरलेला असतो. कंट्रोल रूममध्ये कोणी ओरडलं नाही. चीफ सायंटिस्ट बाईंनी फक्त चष्मा डोक्यावर सरकवला आणि कॉफी मागवली.

दिवस ६

आज पहिली डुबकी. आम्ही कोणी खाली जात नाही हे आधी सांगून टाकते, कारण घरच्यांची अजून समजूत आहे की मी पाणबुडीत बसले होते. खाली जातं ते आरओव्ही, वरून चालवायचं, छोट्या टेम्पोएवढं यंत्र. त्याला दोन हात, सहा-सात कॅमेरे, दिव्यांची माळ. वरच्या जहाजाशी ते केबलने बांधलेलं. आम्ही डेकवरच्या एका कंटेनरमध्ये बसतो. त्याला सगळे 'व्हॅन' म्हणतात. एसी एवढा जोरात की शाल घ्यावी लागते.

ए-फ्रेमने, म्हणजे डेकवरच्या उचलकमानीने, यंत्र उचललं, चाचांनी दोरावरचे खलाशी ओरडून जागेवर आणले, आणि ते पाण्यात गेलं. पहिली दोनशे मीटर निळं, मग काळं. मग सव्वा तास तेच काळं, त्यात अधूनमधून चमकून जाणारी काहीतरी लिबलिबीत जनावरं. पायलट शेंगदाणे खात होता.

२,४०० मीटरच्या पुढे तळ दिसला. आधी उशांसारखा गोलसर काळा लाव्हा, त्यावर राखाडी धूळ. मग पांढरी समुद्रफुलं, एक, दोन, मग शेकडो. जीवशास्त्रवाल्यांच्या खुर्च्या पुढे सरकल्या. समुद्रफुलं म्हणजे गावाची वेस, असं त्यांच्यातल्या एकीने सांगितलं. ती दाट व्हायला लागली की घरं जवळ आली. आणि खरंच, पुढच्या वळणावर दिव्याच्या उजेडात एक सुळका उभा राहिला. त्याच्या डोक्यातून काळा लोट असा सुटत होता की मला आमच्या गावच्या वीटभट्टीची आठवण झाली.

हा धूर नव्हेच. समुद्राचं थंड पाणी भेगांतून खाली झिरपतं आणि तापलेल्या खडकाशी त्याची गाठ पडते. पाण्यातलं मॅग्नेशियम खडकात राहतं, खडकातलं लोखंड, तांबं, जस्त पाण्यात उतरतं. ते पाणी साडेतीनशे अंशांना वर फेकलं जातं. उकळत मात्र नाही, कारण डोक्यावर अडीच किलोमीटर समुद्राचं ओझं आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे अडीचशे पट. बाहेर दोन अंशांचं पाणी लागलं की विरघळलेले धातू क्षणात सल्फाइडचा चुरा होऊन बाहेर पडतात. तोच तो काळा लोट.

मी दगडांची माणूस. माझी नजर सुळक्याच्या भिंतीवर होती. व्हॅनमधले बाकी सगळे भिंतीवर जे हलत होतं ते बघत होते. आधी मला वाटलं की दगडाला साय आली आहे. कॅमेरा जवळ गेला तसं कळलं की ती कोळंबी आहे. एकावर एक, तीन-चार थर, एकमेकींच्या पाठीवरून सरकत, गरम पाण्याच्या इतक्या जवळ की दोन बोटं पलीकडे गेली तर शिजेल. रिमिकारिस कैरेई. मोठेपणी तिला नेहमीचे डोळे उरत नाहीत. पाठीवर कवचाखाली एक फिकट पट्टा असतो, तोच तिचा डोळा. चित्र दिसत नाही त्याला, अतिशय मंद उजेड तेवढा कळतो. तापलेल्या तोंडातून माणसाला न दिसणारा उजेड बाहेर पडतो, त्यावरून ती चूल कुठे आहे ते ओळखत असावी, असं मानतात. जेवण ती शोधत नाही. तोंडाच्या आणि कल्ल्यांच्या पोकळीत जिवाणू वाढवते आणि त्यांच्यावर जगते. शेत अंगावरच.

इथल्या जेवणाशी सूर्याचा थेट संबंध नाही. जिवाणू हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइड वापरून अन्न तयार करतात, त्यावर बाकी सगळा संसार. शाळेत 'सूर्य हाच सर्व ऊर्जेचा स्रोत' असं वाक्य रिकाम्या जागा भरण्यासाठी यायचं. मी ते नेहमी बरोबर भरायचे.

रात्री मेसमध्ये चाचांना व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघत राहिले. "सोडे होतील काय याचे?"

दिवस ७

माझा दिवस. म्हणजे यंत्राच्या हाताचे दोन तास माझ्या नावावर होते. मला एका विझलेल्या आणि एका चालू सुळक्याचा तुकडा हवा होता. इथल्या एका चिमणीचं नाव 'काली' आहे. आपल्या देवीचंच. ते माझ्या तोंडी इतकं सहज आलं की पायलटने विचारलं, कोण ही काली? मी जीभ बाहेर काढून दाखवली. तो हसला, पण पुढची डुबकी होईपर्यंत चिमणीबद्दल जरा आदराने बोलत होता.

चिमणी बनते कशी, ते हातात तुकडा घेतल्याशिवाय नीट कळत नाही. आधी अ‍ॅनहायड्राइटची पांढरी नळी. हे खनिज उलट्या खोपडीचं: पाणी तापलं की ते बाहेर पडतं, गार झालं की विरघळतं. त्या नळीच्या आत गरम पाणी अडकतं, आणि मग आतल्या अंगाला चाल्कोपायराइट हे तांब्याचं खनिज बसत जातं, पितळेच्या नव्या तांब्यासारखं पिवळंजर्द. बाहेरच्या अंगाला लोखंडाचं पायराइट आणि जस्ताचं स्फॅलेराइट, काळपट, भुसभुशीत. चूल विझली की पांढरी नळी हळूहळू विरघळून जाते आणि चिमणी आतून पोकळ, बिनभरवशाची होते.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मीच पायलटला म्हटलं, "अजून थोडं घट्ट धर." कडक् असा आवाज आलाही नाही, कारण तिथला आवाज आमच्यापर्यंत येतच नाही. यंत्राच्या पंजात सुळका पापडासारखा मोडला आणि सोनेरी कडा दाखवत गोल फिरत अंधारात गेला. व्हॅनमध्ये शांतता. कोणी तरी मराठी नसलेल्या भाषेत "अरेरे" म्हटलं. दुसरा तुकडा मिळाला, पण तो तसा नव्हता.

सूक्ष्मजीववाल्यांनी टायटॅनियमच्या बाटल्यांत गरम पाणी भरून घेतलं. त्यांचा इथे वेगळाच मान आहे: कैरेईच्याच पाण्यातून काढलेला एक मिथेनजनक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत, दाबाखाली, १२२ अंशांना वाढला, असं २००८ मध्ये जाहीर झालं. रुग्णालयात अवजारं निर्जंतुक करायला १२१ अंश लागतात. याचं त्याहून एक अंश जास्तीत बस्तान बसलं.

दिवस ८ आणि ९

वारा वाढला. आरओव्ही डेकवर बांधून ठेवलं. एकदा बांधलं की कामाची माणसं बेकार होतात आणि वाद सुरू होतात.

विषय अर्थात खाण. माझी फेलोशिप खनिजांच्या प्रकल्पातली, हे सगळ्यांना माहीत. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने, जे जमैकात किंग्स्टनला आहे, २०१६ मध्ये भारताला याच महासागरातल्या कटकांवर, म्हणजे तळावरच्या डोंगररांगांवर, १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइड शोधण्याचा पंधरा वर्षांचा करार दिला. काढायचा नव्हे, शोधायचा. हा फरक मी दोन दिवसांत अकरा वेळा तरी समजावला असेन. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने साडेचार किलोमीटर खोलीवरच्या चालू व्हेंटचे फोटो मिळवले तेव्हा वास्कोत आम्ही पेढे वाटले होते. त्या आनंदाबद्दल मला आजही काही अपराधी वाटत नाही.

पण समोर बसलेल्या ताई, वयाने माझ्या मावशीएवढ्या, गोगलगायींच्या तज्ज्ञ, त्यांनी एवढंच म्हटलं: "तुझा नकाशा दाखव." मी दाखवला. त्यांनी त्यावर कैरेई कुठे आहे ते दाखवायला पेन्सिल ठेवली. पेन्सिलीच्या टोकाखाली पूर्ण व्हेंट फील्ड झाकलं गेलं. इतकं लहान. माझ्या मनात एकदम आमच्या घरच्या सातबाऱ्यावरचे तुकडे आले. सात गुंठे, तीन वाटेकरी.

चिवडा आज संपला.

दिवस १०

पहाटे चारला वारा पडला, सहाला यंत्र पाण्यात. आजचा दिवस ताईंचा. त्यांना हवी असलेली गोगलगाय एका चिमणीच्या पायथ्याशी, जिथे कोमट पाणी झिरपतं, तिथे दाटीने बसलेली सापडली. दिव्यात ती काळी आणि धातूसारखी चमकत होती.

ही ती खवल्या गोगलगाय. २००१ मध्ये इथेच पहिल्यांदा मिळाली. इंग्रजीत तिला 'सी पँगोलिन' म्हणतात. आम्हा कोकणातल्यांना सोपं आहे, खवले मांजर. तिच्या पायाला मऊ तळवा नाही असं नाही, पण बाजूने सगळे खवले, एकावर एक, मंगलोरी कौलांसारखे. आणि त्या खवल्यांवर, शिंपल्यावर लोखंडाचं सल्फाइड चढलेलं. जगात ज्ञात असलेल्या प्राण्यांत आपल्या सांगाड्यात लोखंडी सल्फाइड वापरणारी ही एकच. शिंपल्याचे तीन थर: बाहेर लोखंड, मध्ये जाड सेंद्रिय गादी, आत नेहमीचं, चुनखडी जातीचं अ‍ॅरागोनाइट. ही खात जवळजवळ नाही. अन्ननलिकेच्या फुगलेल्या ग्रंथीत जिवाणू ठेवलेत, ते रांधतात, ही जेवते. घरजावयांची फौजच म्हणा. त्यांना ऑक्सिजन पुरवायचा म्हणून हिचं हृदय अंगाच्या मानाने अवाढव्य. याच महासागरात, सॉलिटेअर नावाच्या जागी, हिचीच पांढरी जात आहे. तिथल्या पाण्यात लोखंड कमी, म्हणून चिलखतही नाही.

ताईंनी अगदी मोजक्या घेतल्या. पायलटने नळीने एकेक ओढून पेटीत टाकली, प्रत्येक वेळी त्या श्वास रोखत होत्या. २०१९ मध्ये ही गोगलगाय धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत गेली, कारण खोल समुद्रातली खाण. हे कारण लागून त्या यादीत गेलेला हा पहिला प्राणी. तेव्हा तिची ठाऊक असलेली गावं तीन, आणि त्यांपैकी दोन शोधाच्या परवान्यांच्या हद्दीत. आमच्या नव्हे, दुसऱ्या देशांच्या. मी ते मोठ्याने म्हणाले नाही. म्हटलं असतं तर बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी पेटी वर आली. लॅब थंड ठेवलेली. ताईंनी एक गोगलगाय ट्रेमध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू दगडवाली ना, घे." बोराहून मोठी, लिंबाहून लहान. खवले बोटाला सुरीच्या पाठीसारखे लागतात. अंगाला सडक्या अंड्यांचा वास. गोगलगाय हळूच आत ओढली गेली आणि खवले एकमेकांवर सरकून बंद झाले, दुकानाचं शटर पडावं तसे.

एक सुटा खवला ट्रेमध्ये पडला होता. खिशातलं पेन काढलं, लोहचुंबकाचं टोक जवळ नेलं. टुक्. चिकटला. यातलं एक खनिज ग्रेगाइट, तेच चुंबकाला धरतं. मॅग्नेटाइट शोधायला मी हे पेन डोंगरांत कायम वापरते. आजपर्यंत त्याला प्राण्याचा तुकडा चिकटला नव्हता. ताई म्हणाल्या, "आता तो नायट्रोजनमध्ये ठेव, नाहीतर गंजेल." गंजेल. गोगलगाय गंजते.

रात्री वहीत खनिजांच्या रकान्यात 'ग्रेगाइट' लिहिलं. पुढच्या रकान्यात, 'आधारखडक', म्हणजे खनिज ज्या दगडात सापडलं तो, काय लिहायचं ते ठरवेना. शेवटी रिकामा ठेवला.

दिवस ११

शेवटची डुबकी. बारा ते चारचा पहारा माझा. कामं संपली होती, तापमानाचा काटा चिमणीच्या तोंडात तेवढा राहिला होता. १९९९ मध्ये काही जणांनी दाखवून दिलं होतं की पाणबुड्यांच्या दिव्यांनी कोळंबीच्या पाठीवरचा डोळा कायमचा बिघडतो. म्हणजे आम्ही तिला बघायला येतो आणि बघता बघता आंधळी करून जातो. चीफ बाईंच्या मनातून हे जात नव्हतं. त्या पायलटला म्हणाल्या, "पाच मिनिटं दिवे बंद कर."

स्क्रीन काळे झाले. व्हॅनमध्ये एसीची घरघर आणि एका कोपऱ्यात हिरवे आकडे. ३५४. ३५४. ३५५. ३५४. काहीच दिसत नव्हतं आणि कोणी उठतही नव्हतं. त्या आकड्यापलीकडे, अडीच किलोमीटर खाली, हजारो कोळंब्या आपली चूल बघत होत्या.

पाच मिनिटांची अकरा झाली. मग पायलट म्हणाला, "वर घेऊ?"

दिवस १४, पोर्ट लुई

परतीला वारा मागून, म्हणून उलट्या नाहीत. चाचांना गमबूट परत दिले. त्यांनी आतून मोजे काढून माझ्या हातात ठेवले. "दापोलीला आलीस तर उन्हवऱ्याला जाऊ. तिथे काय गोगलगाय नाय, पण आंघोळ होते."

बॅग एजंटच्या ऑफिसात येऊन पडली होती, पूर्ण बारा दिवस. बंदराबाहेर तेच टॅक्सीवाले काका. मीच फोन केला होता. मागे बसून बॅग उघडली, चकल्यांचा डबा काढला. मऊ पडल्या होत्या, पण चव होती. काकांना दोन दिल्या. त्यांनी एक खाल्ली, दुसरी मुलीसाठी रुमालात बांधली. मग नाक वर करून एकदा वास घेतला, आरशातून माझ्या अंगावरच्या उसन्या जर्किनकडे बघितलं आणि काही न बोलता आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.